वाड्याच्या लाकडाची फ्रेम : गैरसमज आणि वस्तुस्थिती

साताऱ्याच्या पेठा, वाई, मिरज किंवा सांगलीचा गावभाग, कुठेही जुना वाडा उतरवला की तुळया, वासे, कडीपाटाच्या फळ्या आणि दारांच्या चौकटी वखारीत जातात. उरलेले तुकडे चुलीत जातात. त्यातले हातभर तुकडेही उत्तम फोटोफ्रेमला पुरतात. मात्र लाकूड जुनं आहे एवढ्यावर फ्रेम टिकत नाही, त्याची पारख करावी लागते. या कामातले काही गैरसमज म्हणूनच दूर व्हायला हवेत.

गैरसमज : भोकं पडलेलं लाकूड टाकाऊ.
वस्तुस्थिती : भोक ही भुंगा बाहेर पडल्याची खूण असते आणि तो कित्येक वर्षांपूर्वी गेलेला असू शकतो. फळी काळ्या कागदावर काही आठवडे ठेवा. ताजं पिठासारखं भुसभुशीत पडलं, तर कीड जिवंत आहे. सागाच्या गाभ्याला कीड सहसा लागत नाही, कडेचा पांढुरका भाग मात्र ती खाते. तो भाग तासून टाकावा. नुसत्या उन्हाने कीड मरेलच, असं नाही. निर्यातीच्या लाकडी खोक्यांसाठीचा आंतरराष्ट्रीय नियम लाकडाच्या आतपर्यंत ५६ अंश सेल्सिअस उष्णता सलग ३० मिनिटं मागतो. ठोकल्यावर पोकळ वाजणारं, वाळवीने खाल्लेलं लाकूड घेऊच नये.

गैरसमज : पुरात भिजलेलं लाकूड गेलं.
वस्तुस्थिती : २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली आणि घराघरांतलं लाकूड दिवसेंदिवस पाण्यात राहिलं. भरीव लाकूड अशा भिजण्याने कुजत नाही, ते ओलं राहिल्याने कुजतं. गाळ स्वच्छ पाण्याने धुवा, कारण गाळातल्या वाळूने रंध्याची धार जाते. मग फळ्यांमध्ये पट्ट्या घालून, वारा खेळेल अशी थप्पी सावलीत लावा. घाईने उन्हात टाकलेली फळी चिरते. प्लायवूड मात्र सुटं होतं, त्याची आशा सोडावी.

गैरसमज : शंभर वर्षांचं लाकूड आता हलत नाही.
वस्तुस्थिती : लाकूड हवेतला ओलावा कायम घेतं आणि सोडतं. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर जत-आटपाडी दुष्काळी पट्ट्यात येतात. एकीकडे केलेली फ्रेम दुसरीकडे गेली की रुंदीत फरक पडतो. आडव्या रेषांची, ५ सेंटिमीटर रुंद सागाची पट्टी ओलाव्याच्या सहा टक्के फरकाने साधारण अर्धा मिलिमीटर फुगते. लांबी जवळपास तेवढीच राहते. म्हणून कोपरा पावसाळ्यात बाहेरून, तर उन्हाळ्यात आतून उघडतो. यावर उपाय म्हणजे तासलेलं लाकूड काही आठवडे घरात ठेवून मगच कापणं आणि पट्टी फार रुंद न घेणं.

गैरसमज : कोपऱ्यात दोन खिळे मारले की फ्रेम पक्की.
वस्तुस्थिती : ताकद अचूक कापात आणि सांध्यात असते. फ्रेमला आठ काप असतात. प्रत्येक काप अर्ध्या अंशाने चुकला, तर शेवटच्या कोपऱ्यात चार अंशांची फट राहते. समोरासमोरच्या पट्ट्या एकाच मापाच्या असाव्यात. पंचेचाळीस अंशांच्या कापाचं तोंड सरस पिऊन टाकतं, म्हणून एक हात आधी लावून थोड्या वेळाने दुसरा लावावा. सागाला तेलकटपणा असतो, तेव्हा ताज्या तासलेल्या तोंडावरच सरस लावावा. कोपऱ्यात खाच पाडून लाकडाची पातळ चीप बसवली, तर सांधा वर्षानुवर्षं धरतो. दोन बाय तीन फुटांची, ३ मिलिमीटर जाडीची काच चार किलोच्या पुढे भरते, हे विसरू नये.

गैरसमज : जुना रंग घासून काढला की झालं.
वस्तुस्थिती : भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर दशलक्षात ९० भागांची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. रंग कोरडा घासू नका, जाळू तर नकाच. ओला करून, मास्क लावून, मुलांपासून दूर काढा. रेल्वेचे जुने स्लीपर अनेकदा क्रिओसोट या विषारी तेलात मुरवलेले असतात. ते घरातल्या फ्रेमसाठी वापरू नयेत.

गैरसमज : लाकूड नैसर्गिक, म्हणून चित्राला सुरक्षित.
वस्तुस्थिती : लाकडातून आम्ल झिरपतं आणि कागद पिवळा पडतो. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४मध्ये मुंबईत सुरू झाला. तिथली देवादिकांची चित्रं अजूनही अनेकांच्या देवघरात आहेत. अशा चित्रामागे आणि कडेने आम्लमुक्त कार्ड हवं, काच आणि कागद यांत थोडी जागा हवी. काच चिकटली की पावसाळ्यात चित्र तिलाच धरून बसतं.

गैरसमज : कोरीव तुकडा कापला की फ्रेम आणखी सुंदर.
वस्तुस्थिती : १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावशेष ठरू शकते. ती खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी कोरीव खांब कापणं हे नुकसानच आहे, कारण ते काम पुन्हा होत नाही.

फ्रेमला साधी, मोडकी, बिनकोरीव पट्टी पुरते. तीच घ्या, तिच्यात खिळा राहिला नाही ना हे चुंबकाने तपासा आणि मगच रंधा लावा. नक्षीचा खांब किंवा दरवाजा हाती आला, तर त्याला करवत लावू नका. तो अखंड सांभाळणाऱ्याच्या हाती द्या.