पायवाट संपल्यावरची पुस्तके

ब्रिटनच्या डोंगरांत निव्वळ चालणे आणि दोर लावून केलेले प्रस्तरारोहण यांच्यामध्ये एक रुंद पट्टा आहे. तेथे नुसते पाय पुरत नाहीत, कातळाला हात लावल्याशिवाय पुढे सरकता येत नाही, मात्र सरावलेल्या माणसाला सोप्या वाटांवर सहसा दोर लागत नाही. या प्रकाराला स्क्रॅम्बलिंग म्हणतात. सह्याद्रीतील भटक्यांना परिचित असलेले सोपे कातळटप्पे तेथे कित्येकदा एकाला एक जोडून येतात. वॉल्ट अन्सवर्थ आणि ब्रायन एव्हान्स यांनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या सिसरोन प्रकाशनाने स्टीव्ह अ‍ॅश्टन यांचे वेल्समधील स्नोडोनियावरील पुस्तक १९८० मध्ये, तर एव्हान्स यांचे इंग्लंडमधील लेक डिस्ट्रिक्टवरील पुस्तक १९८२ मध्ये प्रसिद्ध केले आणि या मधल्या पट्ट्याला स्वतःची मार्गदर्शके लाभली.

पुस्तक निवडताना सर्वांत आधी पाहावे ते हे, की लेखकाने वाचक म्हणून कोणाला धरले आहे. लेक डिस्ट्रिक्टच्या लँगडेल खोऱ्यातील पेव्ही आर्क या कड्यावर उजवीकडून डावीकडे तिरकी चढत जाणारी जॅक्स रेक नावाची खोबण आहे. आल्फ्रेड वेनराइट यांच्या हाताने लिहिलेल्या व रेखाटलेल्या, त्याच प्रदेशातील डोंगरांवरच्या सात भागांच्या मालिकेतील तिसऱ्या भागात (१९५८) ती चालणाऱ्यांची वाट म्हणून येते आणि अर्थातच फार अवघड ठरते. आरोहकांच्या हिशेबी ती अगदी सोपी. स्क्रॅम्बलिंगच्या पुस्तकांत तिला श्रेणी १ मिळते. कातळ तोच, तरी आरोहकाने सहज लिहिलेला ‘सोपा’ हा शब्द नवख्याने जसाच्या तसा घेतला तर तो अडचणीत येईल.

श्रेणींची मांडणी साधारणपणे अशी असते : १ म्हणजे अनुभवी डोंगरयात्रीला दोराविना जमणारी वाट, २ म्हणजे जेथे एखाद्या टप्प्यावर दोर हवासा वाटेल ती, आणि ३ म्हणजे जेथे दोर व तो वापरण्याचे ज्ञान दोन्ही सोबत असावे अशी, सर्वांत सोप्या प्रस्तरारोहणाला भिडलेली वाट. परंतु एका आकड्यात फार काही मावत नाही. लेक डिस्ट्रिक्टमधील हेल्व्हेलिन शिखरावर (९५० मीटर) नेणारी स्ट्रायडिंग एज आणि स्नोडोनियातील क्रिब गोख (९२३ मीटर) या दोन्ही धारा श्रेणी १ मध्ये मोडतात. पहिलीवर माथ्याच्या किंचित खालून बराच काळ पायवाट साथ देते आणि खरी अडचण धार संपताना उतरण्याच्या टप्प्यावर येते, तर दुसरीवर दक्षिण अंगाला पाय आणि धारेच्या माथ्यावर हात ठेवून सरकावे लागते, पलीकडे उत्तरेला कडा तुटलेला असतो, आणि पुढे सुळके ओलांडल्याखेरीज खिंड येत नाही. पकडी दोन्हीकडे पुरेशा आहेत. फरक आहे तो दृष्टिभयाचा, म्हणजे खालची दरी सतत डोळ्यांसमोर राहिल्याने बसणाऱ्या दडपणाचा, आणि वाऱ्याचा.

म्हणूनच चांगले पुस्तक श्रेणी सांगून थांबत नाही. सर्वांत अवघड टप्पा आरंभी आहे की माथ्याजवळ, तो वळसा घालून टाळता येतो का, मध्येच परत फिरायचे ठरले तर खाली उतरता येईल का, आणि कातळ ओला असताना काय होते, हे ते सांगते. शेवटचा मुद्दा लेक डिस्ट्रिक्टमध्ये विशेष मोलाचा, कारण तेथील अनेक वाटा घळींतून, वाहत्या पाण्याला लगटून जातात. वाटेच्या नावापुढील चांदण्या मात्र वाटेच्या देखणेपणाच्या असतात. त्या सोपेपणाच्या नव्हेत.

दुकानात पुस्तक चाळताना, पूर्वी स्वतः केलेल्या वाटेचे वर्णन उघडून वाचणे ही सर्वांत खात्रीची कसोटी होय. ते वर्णन आठवणीशी जुळले, जेथे थबकायला झाले तेथेच लेखकानेही सावध केले असेल, तर त्याच्या मोजमापावर अनोळखी वाटांसाठी भिस्त ठेवता येते. तो ते ठिकाण एका वाक्यात ओलांडून गेला असेल, तर त्याची श्रेणी १ स्वतःसाठी श्रेणी २ समजावी. संपूर्ण देशातील निवडक वाटांचे चकचकीत छायाचित्रग्रंथ बेत आखण्याची हौस भागवतात. प्रत्यक्ष वाटचालीसाठी एकाच प्रदेशाचे, खिशात मावणारे पुस्तक आणि १:२५,००० प्रमाणाचा नकाशा अधिक कामाचा. स्कॉटलंडमधील स्काय बेटाच्या क्युलिन रांगेचे पुस्तक वेल्स व लेक डिस्ट्रिक्टमधील श्रेणी १ आणि २ अंगवळणी पडेपर्यंत कपाटातच राहू द्यावे.