फोटोवर अभिप्राय मागायचा कसा?

आजचा विषय छोटा आहे, पण फोटोग्राफी शिकणाऱ्या प्रत्येकाच्या जिव्हाळ्याचा आहे. आपण फोटो ऑनलाइन टाकतो आणि खाली काय येतं? एक तर ‘अप्रतिम’, ‘क्या बात है’. नाहीतर ‘फोकस गंडलाय’. दोन्हींतून पुढचा फोटो कसा काढायचा ते कळत नाही. नुसत्या कौतुकानं आपण आहोत तिथेच राहतो, आणि टोमणे खाऊन काहीजण कॅमेरा कपाटात ठेवून देतात.

एक खरा किस्सा बघू. २००६ साली फ्लिकरवर ‘डिलीट मी’ नावाचा गट होता. तिथे फोटो टाकायचा आणि तो ठेवायचा की काढायचा, यावर सभासदांनी मत द्यायचं. कुणीतरी गंमत म्हणून एक जुना कृष्णधवल फोटो टाकला. वरून दिसणारा वळणदार जिना आणि खालच्या रस्त्यावरून सुळकन जाणारा सायकलस्वार. सायकलस्वार धूसर आहे, अशी तक्रार झाली. काढून टाका, असंही सांगितलं गेलं. फोटो होता आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांचा, १९३२ साली फ्रान्समधल्या इएर इथे काढलेला, जगभर नावाजलेला!

यावरून ‘लोकांना काही कळत नाही’ असं समजू नका. नावं ठेवली गेली म्हणून कुठला फोटो थोर ठरत नाही. मुद्दा वेगळा आहे. ‘ठेवू की काढू?’ असं विचारलं, तर बघणारा हाताशी असलेली नियमांची पट्टी लावतो: शार्प आहे का, क्षितिज सरळ आहे का. स्थिर जिना आणि धावती सायकल यांच्यातली गंमत त्या पट्टीनं मोजता येत नाही. म्हणजे अभिप्रायाचा दर्जा बराचसा आपल्या प्रश्नावर ठरतो.

समजा, आपण वारीत १/३० सेकंदाच्या शटरवर फोटो काढला. चालणाऱ्यांचे पाय धूसर आलेत, मागचं झाड स्थिर आहे. तो टाकताना ‘कसा वाटला?’ असं विचारू नये. आधी काही न सांगता विचारावं, ‘नजर पहिल्यांदा कुठे गेली?’ उत्तरं आली की मग आपला हेतू सांगावा: ‘मला चालण्याची लय दाखवायची होती. ती जाणवते, की हात हलल्यासारखं वाटतं?’ असं विचारलं की लोक नेमकं बोलतात. कुणी म्हणेल, चेहरेही पुसट झालेत, जरा वेगवान शटर लावून बघा. हे पुढच्या वेळी करून बघता येतं.

गट निवडतानाही घाई नको. आधी चार दिवस जुन्या प्रतिक्रिया वाचा. तिथे ‘का’ आणि ‘कशामुळे’ हे शब्द दिसतात का? मोजकी पण कारण देणारी माणसं असलेला गट हजारो लाइक्सपेक्षा उपयोगी. आणि फक्त मागू नका, द्यासुद्धा. दुसऱ्याच्या फोटोवर दोन वाक्यं नीट लिहायची म्हटली की आपल्यालाच बघायची सवय लागते.

शेवटी, आलेल्या अभिप्रायाचे तीन भाग करा: काय दिसलं, काय आवडलं, काय बदलावं. ‘काय दिसलं’ हे सगळ्यात गंभीरपणे घ्या. आवड ज्याची त्याची असते. सूचना मानायची की नाही, हे आपण ठरवायचं. पण पाचपैकी चौघांची नजर कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या पिशवीवर गेली असेल, तर ती पिशवी आपल्यालाही दिसायला हवी.