आवाज आला नाही, म्हणून कोणीच नाही?

नागझिऱ्याच्या जंगलातला ‘जय’ हा वाघ 2013 मध्ये उमरेड-करांडला अभयारण्यात गेला आणि देशभर गाजला. एप्रिल 2016 नंतर मात्र तो कोणालाच दिसला नाही. गळ्यात रेडिओ कॉलर होती, शोधमोहिमा झाल्या, तरी माग लागला नाही. कॉलर बिघडली असेल, वाघ दूर निघून गेला असेल किंवा मेला असेल. नुसत्या शांततेवरून यातलं काहीच ठरत नाही. गोंदिया जिल्ह्यातल्या जंगलात काम करणाऱ्यांना हा पेच नवा नाही. ते ठसे, विष्ठा, खोडावरचे ओरखडे पाहतात, कॅमेरा ट्रॅप लावतात आणि मगच बोलतात.

परग्रहांवरच्या बुद्धिमान जीवांचा शोध, म्हणजेच ‘सेटी’, याच पद्धतीने चालतो. उडत्या तबकड्यांशी त्याचा संबंध नाही. तो जीव प्रत्यक्ष दिसणार नाही हे धरूनच चालायचं आणि त्याच्या तंत्रज्ञानाची खूण शोधायची, असं हे काम आहे.

त्याचा पाया 1959 मध्ये घातला गेला. ज्युसेप्पे कोकोनी आणि फिलिप मॉरिसन यांनी ‘नेचर’मध्ये लिहिलं, की ताऱ्यांमधलं अंतर ओलांडायला रेडिओलहरी सर्वांत सोयीच्या आहेत. त्या प्रकाशाच्या वेगाने जातात आणि धुळीच्या ढगांतूनही पार होतात. कुठल्या फ्रिक्वेन्सीवर ऐकायचं? विश्वात सर्वाधिक असलेला हायड्रोजन 1420 मेगाहर्ट्झला लहरी सोडतो. खगोलशास्त्र जाणणाऱ्या कोणालाही ही जागा ठाऊक असणार, म्हणून तिथे कान लावावा. पुढच्याच वर्षी फ्रँक ड्रेक यांनी अमेरिकेतल्या ग्रीन बँक इथल्या दुर्बिणीतून टाउ सेटी आणि एप्सिलॉन एरिडॅनी या दोन ताऱ्यांकडे कान लावले. हाती काही आलं नाही.

संकेत कृत्रिम आहे हे ओळखायचं कसं? निसर्गातले रेडिओस्रोत बहुधा पसरट पट्ट्यात बोलतात, तर ट्रान्समीटर अगदी अरुंद पट्ट्यात. पण तेवढ्याने भागत नाही. 1967 मध्ये जोसलिन बेल यांना घड्याळासारखे नियमित ठोके ऐकू आले तेव्हा त्या स्रोताला गमतीने ‘लिटल ग्रीन मेन’ म्हटलं गेलं. निघाला तो पल्सार, म्हणजे गरगर फिरणारा न्यूट्रॉन तारा. 15 ऑगस्ट 1977 रोजी ओहायोतल्या दुर्बिणीने टिपलेला 72 सेकंदांचा ‘वॉव’ संकेत पुन्हा कधीच मिळाला नाही, म्हणून तो पुरावा ठरत नाही. 2019 मध्ये प्रॉक्झिमा सेंटॉरी ताऱ्याच्या दिशेने आलेला 982 मेगाहर्ट्झचा संकेत तर तपासाअंती पृथ्वीवरचाच निघाला.

पृथ्वीवरचा हा गोंगाट काय असतो, हे पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळच्या खोडदला चांगलं ठाऊक आहे. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने तिथे उभ्या राहिलेल्या ‘जीएमआरटी’ या महादुर्बिणीत 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत. शहरी गोंगाटापासून दूर म्हणून ही जागा निवडली, तरी मोबाइल आणि विजेच्या तारांचा त्रास चुकलेला नाही. मात्र 19 ऑक्टोबर 2016 रोजी याच दुर्बिणीने मंगळावर उतरू पाहणाऱ्या युरोपच्या ‘शियापरेली’ यानाचा क्षीण संकेत टिपला. परक्या ग्रहाजवळचं यंत्र खोडदहून ऐकू आलं. यंत्र आपलंच होतं, हा भाग वेगळा.

मग इतकी वर्षं ऐकूनही शांतता का? 1950 मध्ये एन्रिको फर्मी यांनी ‘सगळे आहेत कुठे?’ अशा अर्थाचा प्रश्न विचारला होता. ड्रेक यांनी 1961 मध्ये त्याचे तुकडे पाडले: तारे किती, त्यांना ग्रह किती, जीव किती ठिकाणी, बुद्धी किती ठिकाणी आणि तंत्रज्ञान असलेली संस्कृती टिकते किती काळ. ग्रहांचं उत्तर आता बरंच हाती आलं आहे. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला परग्रह 1995 मध्ये सापडला आणि आज त्यांची संख्या हजारांत आहे. बाकीचे आकडे अंधारात आहेत.

इथे विज्ञानाच्या जोडीला तत्त्वज्ञान येतं. पृथ्वी विश्वाचं केंद्र नाही, मग आपणच तेवढे खास का असावे, हा एक पक्ष. जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायर यांचा पक्ष उलटा होता: पृथ्वीवर असंख्य प्रजाती झाल्या, पण रेडिओ बनवणारी बुद्धी एकदाच आली, म्हणजे ती दुर्मीळच. दोन्ही पक्षांकडे उदाहरण एकच आहे, पृथ्वीचं. एका उदाहरणावरून नियम बांधता येत नाही, म्हणून शोध घ्यावा लागतो.

नुसता जीव आणि बुद्धिमान जीव यांतला फरकही सांभाळायला हवा. जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने 2001 आणि 2005 मध्ये हैदराबादहून बलून सोडून 41 किलोमीटर उंचीपर्यंतची हवा गोळा केली गेली. तीत सूक्ष्मजीव सापडले. 2009 मध्ये तीन नव्या जिवाणूंची घोषणा झाली आणि एकाला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांचं नाव मिळालं. पण ते पृथ्वीबाहेरून आले असं हा प्रयोग करणाऱ्या ‘इस्रो’ने ठामपणे म्हटलं नाही.

आपण मात्र निरोप धाडून बसलो आहोत. 1977 मध्ये निघालेल्या दोन्ही ‘व्हॉयेजर’ यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत मराठीतून शुभेच्छा आहेत आणि गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात केसरबाई गेल्या. ‘व्हॉयेजर 1’ला दुसऱ्या एखाद्या ताऱ्याच्या आसपास पोचायला सुमारे 40 हजार वर्षं लागतील.

आजवर खात्रीचा एकही संकेत मिळालेला नाही. पण शोधही अपुराच झाला आहे: दिशा, फ्रिक्वेन्सी आणि वेळ, तिन्ही एकदम जुळायला हवीत. असं ऐकणारी दुर्बीण जवळून पाहायची तर गोंदियातल्या शाळांनी सहलीचा बेत आखताना खोडदचा विचार जरूर करावा. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, म्हणजे 28 फेब्रुवारीच्या सुमारास तिथे विज्ञान प्रदर्शन भरतं.