नव्वद फुटी रस्त्यामागचा कुंभारवाडा

सायन स्टेशनाला पश्चिमेकडे उतरून धारावीच्या नव्वद फुटी रस्त्याला लागलं, की पुढे दुकानांसमोर कुंड्यांच्या उतरंडीच सुरू होतात. तुळशीवृंदावनं, टांगत्या कुंड्या, हत्तीच्या पाठीवरच्या कुंड्या, फुलं तरंगत ठेवायची पसरट पात्रं. बरेच जण इथेच गाडी लावून खरेदी उरकतात आणि कुंभारवाडा पाहिल्याच्या समाधानात परततात. खरा कुंभारवाडा दुकानांच्या मागे, बोळांत आहे.

इथले बहुतेक कुंभार मूळचे सौराष्ट्रातले, घरात अजून गुजराती बोलणारे. मुंबई वाढत गेली तशी त्यांची वस्ती दक्षिणेकडून उत्तरेला सरकवली गेली आणि १९३०च्या दशकात ती धारावीत स्थिरावली. घर, कारखाना आणि गोदाम एकाच छपराखाली. पुढच्या खोलीत चाक, माळ्यावर संसार, दारात वाळत घातलेला माल.

चाक आता विजेवर फिरतं, काम मात्र हाताचंच. मातीचा गोळा मधोमध बसवून कारागीर अंगठा आत रोवतो आणि बोटांच्या चिमटीत भिंत वर ओढतो. काठ तो मुद्दाम जाड ठेवतो, कारण भरलेली कुंडी उचलताना सगळा भार काठावरच येतो. तळ दोऱ्याने कापला, की ओल्या मातीतच पाणी निथळायचं भोक पाडायचं; भाजल्यावर पाडायला गेलं तर तडा जायची धास्ती. मग सावलीत वाळवण. घाई केली तर काठ आधी सुकतो, तळ ओला राहतो आणि कुंडी भट्टीत फुटते. पावसाळ्यात त्यामुळे कामाला खीळच बसते. मोठ्या ऑर्डरींचा माल साच्यावरही निघतो. शिवाय दुकानांतलं सगळंच इथलं नसतं, गुजरातहूनही माल येतो.

भट्ट्या घरांच्या मधल्या अंगणात. विटांच्या चार भिंती, वर खापरांचं झाकण, जळण म्हणून बरेचदा चिंध्या आणि कापसाची टाकाऊ भर. भट्टी पेटली, की धूर थेट घरात शिरतो. मातीची कुंडी पर्यावरणस्नेही म्हणून आपण कौतुकाने घेतो. या धुराचा हिशेब त्या कौतुकात कुठेच नसतो.

घर आणि कारखाना एकाच जागी असल्याने धारावीच्या पुनर्विकासाची चर्चा इथे वेगळ्या कानांनी ऐकली जाते. उंच इमारतीतलं घर कुटुंबाला पुरेल. पण चाकाला तळमजला लागतो, वाळवणाला अंगण आणि भट्टीला मोकळी जागा. चौरस फुटांत घर मोजणाऱ्या योजनेला हे तिन्ही कसं मोजायचं, हे सांगावं लागेल.

खरेदीला जाणार असाल तर दिवाळीच्या तोंडावर नको; तेव्हा बोळांत पणत्यांचंच राज्य असतं. कुंडीवर टिचकी मारा. खणखणीत वाजली तर पक्की भाजलेली, बद्द वाजली तर कुठेतरी चीर असायची. रंगवलेल्या, चकचकीत कुंड्यांचा मोह मला तरी पटत नाही. उघडी माती श्वास घेते, जादा ओल बाहेर टाकते, मुळं कुजत नाहीत. तैलरंगाचा थर हे सगळं बंद करून टाकतो. काही महिन्यांनी कुंडीवर पांढरट डाग उमटतील. ते बहुधा पाण्यातले क्षार असतात, ब्रशने घासले की जातात. नवी कुंडी माती भरण्याआधी काही तास पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर रोपाच्या वाटचं पहिलं पाणी तीच पिऊन टाकेल.