द्राक्षबागांच्या दारी

‘वाइन’ हा शब्द कानी पडताच आपल्याकडील जुन्या मराठी घरांतली वडीलधारी मंडळी अजूनही कपाळाला आठ्या घालतात. गंमत अशी की, त्याच घरांतल्या औषधांच्या फडताळात द्राक्षासवाची बाटली मात्र मोठ्या सन्मानाने उभी असते! द्राक्षांच्या काढ्यात गोडवा आणि धायटीची फुले घालून ते मुरत ठेवावयाचे, ही वैद्यांची परंपरागत कृती. त्या मुरण्यात मद्यांश आपोआप उत्पन्न होतो. दोन चमचे घेऊन ‘भूक चांगली लागते’ असे म्हणणाऱ्या आमच्या आजीला हे कोणी सांगितले असते, तर तिने त्या दिवशी त्याला जेवायला वाढले नसते.

फ्रान्सात द्राक्षमळ्याच्या दारी जाऊन, तळघरात उतरून, मालकाच्या हातून वाइन चाखण्याची रीत जुनी आहे. शँपेन प्रांतातील रँस शहराखाली रोमन काळच्या खडूच्या खाणी आहेत. त्यांच्या गारव्यात बाटल्या वर्षानुवर्षे निजून असतात. बोर्दोच्या मळ्यांची प्रतवारी तर १८५५ साली तिसऱ्या नेपोलियनच्या वेळी पॅरिसच्या प्रदर्शनानिमित्त झाली, आणि ती बव्हंशी आजही मानली जाते. पण हा प्रकार पाहावयास समुद्र ओलांडण्याचे कारण उरलेले नाही. आपण भोपाळकरांनी पंजाब मेलमध्ये बसावे, खंडवा, भुसावळ, मनमाड मागे टाकावे आणि नाशिकरोडला उतरावे. गेल्या फेब्रुवारीत आम्ही उभयतांनी तेच केले.

फेब्रुवारी मुद्दाम निवडला होता. फ्रान्सात वेल हिवाळ्यात झोपतो आणि तोडणी सप्टेंबरच्या सुमारास होते. आपल्याकडे वेल झोपतच नाही. त्याला कात्रीने शिस्त लावावी लागते. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी आणि जानेवारी ते मार्च तोडणी, असे नाशिकचे वेळापत्रक आहे. वाइनचे द्राक्ष आपल्या ताटातल्या द्राक्षाहून अगदी निराळे: बारीक मणी, जाड साल, आत बी. बाजारात त्याला कोणी विचारणार नाही. पण त्या सालीतच रंग आणि रुची असते. सालीसकट आंबवले की लाल वाइन, आणि आधीच रस पिळून घेतला की पांढरी.

या उद्योगाचा आपल्याकडील पहिला मोठा प्रयोग नाशिकचा नव्हे, पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावचा. श्यामराव चौगुले यांनी १९८० नंतरच्या दशकात पायपर-हाइडसिक या फ्रेंच कंपनीच्या तांत्रिक साहाय्याने तेथे फेसाळ वाइन काढली आणि ‘ओमर खय्याम’ या नावाने ती परदेशातही विकली. नाशिकला राजीव सामंत यांनी कॅलिफोर्नियातून परत येऊन गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीवर १९९७ च्या सुमारास वेल लावले. आईच्या ‘सुलभा’ या नावावरून मळ्याला ‘सुला’ म्हटले आणि २००० साली पहिली वाइन बाजारात आणली. पुढल्या वर्षी महाराष्ट्र शासनाचे द्राक्ष प्रक्रिया धोरण आले. विंचूर आणि पलूस येथे वाइन पार्क झाले. २०१३ साली तर खुद्द शँपेनवाल्या मोएत-हेनेसी समूहाने दिंडोरी तालुक्यातील द्राक्षांपासून आपली फेसाळ वाइन भारतीय बाजारात उतरवली. मात्र तिला ‘शँपेन’ म्हणता येत नाही! ते नाव केवळ त्या प्रांताचे.

सुलाच्या चाखण्याच्या दालनात आम्ही बसलो, तेव्हा समोर मळे आणि त्यापलीकडे गंगापूरचे पाणी दिसत होते. मुंबई-पुण्याची तरुण मंडळी पुष्कळ. आमच्या वयाचे जोडपे बहुधा आमचेच. पेल्यात घोटभर वाइन ओतून तेथला मुलगा सांगू लागला: आधी रंग पाहा, मग पेला फिरवून वास घ्या, मग जिभेवर घोळवा, गिळायची नसेल तर बाजूच्या भांड्यात टाका, कोणी वाईट मानीत नाही. ही शेवटची सवलत ऐकून आमच्या सौभाग्यवतींचा जीव भांड्यात पडला. सॉव्हिन्यो ब्लाँचा पेला नाकाशी नेऊन त्या म्हणाल्या, “ही तर चिरलेली ढोबळी मिरची!” तो मुलगा हरखला. जाणकारही याच वासाची खूण सांगतात म्हणे. चाळीस वर्षे स्वयंपाकघरात घालवलेल्या नाकाला निराळी परीक्षा द्यावी लागत नाही, हे मला त्या दिवशी कळले.

परंतु खरी गोष्ट दालनात नव्हती. ती दुसऱ्या दिवशी दिंडोरीकडे, माझ्या मामेभावाच्या ओसरीवर कळली. धोरण आल्यावर त्याने तीन एकर वाइनची द्राक्षे लावली होती. २००८ नंतर मंदी आली, मागणी घटली, कित्येक वायनऱ्या अडचणीत आल्या. “खायचे द्राक्ष एकाने नाही घेतले तर दुसरा घेतो. दुसऱ्याने नाही घेतले तर बेदाणा करता येतो,” तो म्हणाला. “या द्राक्षाला दार एकच. ते बंद झाले की माल वेलावरच.” त्याने बाग उपटली आणि पुन्हा थॉम्सन लावले. नाशिक परिसरात असे करणारा तो एकटा नव्हता. पुढे बाजार सावरला, पण त्याचे मन पुन्हा तिकडे वळले नाही.

२०२२ च्या जानेवारीत महाराष्ट्र शासनाने मोठ्या दुकानांतून वाइन विकण्यास मान्यता दिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला, हे वाचकांना आठवत असेल. शेतकऱ्याचे हित म्हणून एक पक्ष, घराघरांत बाटली शिरेल म्हणून दुसरा. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि निर्णय थबकला. मी मामेभावाला विचारले, तू कोणत्या बाजूचा? तो म्हणाला, “मला दुसरे दार हवे होते. ते कोणीच बोलत नव्हते.”

हे ऐकून मला आपल्याच राज्याची आठवण झाली. मध्य प्रदेशातही एक दिंडोरी आहे. २०२१ साली आपल्या शासनाने मोहाच्या पारंपरिक मद्याला ‘हेरिटेज’ म्हणून मान्यता देण्याची घोषणा केली. पुढे अलीराजपूर आणि दिंडोरी या जिल्ह्यांत आदिवासी बचतगटांना ते काढण्याचे काम मिळाले. २०२३ साली याच शासनाने दारूच्या दुकानांलगतचे अहाते बंद केले. या दोन निर्णयांत विसंगती आहे असे काहींना वाटते. मला तसे वाटत नाही. अहात्यात मनुष्य केवळ पीत असतो. माल कोणाच्या रानातला, याची त्याला वार्ता नसते. मळ्याच्या दारी गेलेल्याला निदान वेल, कात्री आणि ती चालवणारा हात दिसतो.

प्यावे की न प्यावे, हे ज्याच्या त्याच्या घरच्या संस्कारांवर सोडावे. आमच्या घरी उत्तर अजून ‘न प्यावे’ असेच आहे. पण मोहाची फुले वेचणाऱ्या बाईच्या हाती बाटलीच्या किमतीतले किती पडते, आणि तिच्या फुलांना दुसरे दार आहे की नाही, एवढी विचारपूस आपल्याला भोपाळात बसून करता येईल. नाशिकच्या दिंडोरीने मोल देऊन घेतलेला धडा आपल्या दिंडोरीला फुकट मिळाला, तर काय वाईट?