चौऱ्याऐंशी खणांचे वर्तुळ

जबलपूरजवळ भेडाघाट येथे नर्मदेच्या काठच्या टेकडीवर कलचुरी राजवटीत, दहाव्या शतकात, उभे राहिलेले चौसष्ट योगिनी मंदिर हे शिल्पांसाठी आणि भग्न मूर्तींसाठी प्रसिद्ध आहे. पण त्याची आखणी पाहिली, तर माध्यमिक शाळेच्या भूमितीचा मोठा भाग तेथे दगडात मांडलेला आढळतो. मध्यभागी गौरीशंकराचे देऊळ असून त्याभोवती वर्तुळाकार ओवरी आहे. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी एकोणिसाव्या शतकात घेतलेल्या मापांनुसार या ओवरीचा आतील व्यास 116 फूट 2 इंच, म्हणजे सुमारे 35.4 मीटर आहे. खांबांमुळे तिचे 84 खण पडतात, त्यांपैकी तीन प्रवेशासाठी मोकळे आहेत आणि उरलेले 81 मूर्तींसाठी आहेत. त्यामुळे नावातील चौसष्ट ही संख्या येथे प्रत्यक्ष मोजणीशी जुळतच नाही.

शाळेतले गणित रंजक करण्याचे उपाय सुचवताना अशा वास्तूंऐवजी कोडी, खेळ आणि रंगीत चित्रे यांचा उल्लेख सहसा आधी होतो. त्यांचा उपयोग आहे, पण तो मर्यादित आहे, कारण आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्याला कंटाळा येतो तो मुख्यतः उत्तर आधीच कोणाला तरी ठाऊक असल्याचा. पुस्तकाच्या शेवटी छापलेल्या संख्येपर्यंत पोहोचणे एवढेच काम उरले, की सूत्र पाठ करणे हाच शहाणपणा ठरतो. याउलट ज्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकालाही मोजल्याशिवाय सांगता येत नाही, तेथे सूत्राची गरज विद्यार्थ्याला स्वतःहून भासते. नर्मदेच्याच काठी होशंगाबाद जिल्ह्यात 1972 साली किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांच्या पुढाकाराने सुरू झालेला विज्ञानशिक्षणाचा कार्यक्रम याच धारणेवर उभा होता. सहावी ते आठवीच्या मुलांनी प्रयोग स्वतः करून निष्कर्ष काढावेत, अशी त्याची रचना होती, आणि 2002 साली शासनाने तो बंद करेपर्यंत तो चालला. तो विज्ञानाचा होता, हे खरे, तथापि गणिताला ती वाट वर्ज्य असण्याचे कारण नाही.

भेडाघाटच्या ओवरीचा व्यास थेट मोजता येत नाही, कारण मधले देऊळ आड येते. ही अडचणच पाठाची सुरुवात ठरू शकते. वर्तुळावरील दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषाखंडाला जीवा म्हणतात. दोन खांबांमध्ये दोरी ताणून अशी 14 मीटरची जीवा घेतली आणि तिच्या मध्यापासून ओवरीपर्यंतचे लंब अंतर 1.44 मीटर भरले, असे समजू. दहावीच्या अभ्यासक्रमातील जीवांच्या अंतर्छेदनाच्या प्रमेयानुसार, एकमेकींना छेदणाऱ्या दोन जीवांच्या भागांचे गुणाकार समान असतात. येथे दुसरी जीवा म्हणजे केंद्रातून जाणारा व्यास असल्याने 7 गुणिले 7 म्हणजे 49 या संख्येला 1.44 ने भागून, आलेल्या 34.03 मध्ये पुन्हा 1.44 मिळवले, की व्यास 35.47 मीटर मिळतो. मात्र 1.44 ऐवजी कोणी 1.45 मोजले, तर एका सेंटिमीटरच्या चुकीने व्यास सुमारे 22 सेंटिमीटरनी बदलतो, तर जीवा दुप्पट लांबीची घेतल्यास तीच चूक तीन सेंटिमीटरांच्या आसपास राहते. मापनातील चूक उत्तरात किती पटींनी वाढते, हा विषय शालेय पुस्तकांत जवळजवळ नसतो, आणि दोरी हातात आल्यावर तो टाळताही येत नाही.

नदीकाठचे संगमरवरी कडे त्रिकोणमितीला उपयोगी आहेत. कोनमापक, स्ट्रॉ आणि ओळंबा म्हणून दोरीला बांधलेला दगड यांपासून उन्नत कोन, म्हणजे क्षितिजसमांतर रेषेपासून वर पाहताना दृष्टिरेषेने केलेला कोन, मोजण्याचे साधन तयार होते. कड्याच्या पायथ्याशी जाता येत नसल्यास त्याच दिशेतील दोन ठिकाणांहून कोन घेऊन उंची काढता येते. पुस्तकात हे कोन बहुधा 30, 45 किंवा 60 अंशांचेच असतात. खडक असे सौजन्य दाखवत नाहीत, आणि म्हणून त्रिकोणमितीय गुणोत्तरांचे कोष्टक कशासाठी असते हे तेथे समजते.

ओवरीच्या 84 खणांत याहून खोल गणित आहे. वर्तुळात 84 समान बाजूंची बहुभुजाकृती काढली, तर तिच्या परिमितीला व्यासाने भागल्यावर सुमारे 3.1409 ही संख्या येते. परीघ आणि व्यास यांच्या गुणोत्तरासाठी, म्हणजेच पायसाठी, आर्किमिडीजने 96 बाजूंच्या बहुभुजाकृती वापरल्या होत्या. खांबांच्या ओळीने विद्यार्थी त्याच्या बरेच जवळ पोहोचतो. त्यात एक गाठ आहे. कंपासने वर्तुळाचे सहा आणि नंतर बारा समान भाग सहज करता येतात, परंतु 84 म्हणजे बारा गुणिले सात, आणि केवळ पट्टी व कंपास यांच्या साहाय्याने वर्तुळाचे सात समान भाग करता येत नाहीत. गाऊसने 1796 साली सतरा बाजूंची सुसम बहुभुजाकृती रचता येते हे दाखवले, आणि कोणत्या बहुभुजाकृती रचता येत नाहीत याची सिद्धता वांझेलने 1837 साली पूर्ण केली. मग दहाव्या शतकातील कारागिराने ही विभागणी कशी केली असेल? त्याने परिघाएवढ्या दोरीच्या अंदाजाने घड्या घातल्या असतील, किंवा आधी खणाची रुंदी ठरवून तिच्यावरून व्यास काढला असेल. सर्व खणांची रुंदी क्रमाने मोजून आलेख काढला, तर मोजणीतील उरलीसुरली चूक एखाद्या खणात, कदाचित प्रवेशाच्या खणाजवळ, साठलेली आहे का ते पाहता येईल. मात्र नंतरच्या काळात झालेल्या दुरुस्त्या कोणत्या खांबांना शिवल्या आहेत, हे आधी तपासावे लागेल.