बसवलेलं पॅकेज पुन्हा का बांधायचं?

मागच्या व्याख्यानात आपण पुण्याच्या सी-डॅकपर्यंत आलो होतो: १९८८ साली स्थापना, १९९१ मध्ये परम ८०००. आज पाषाणच्या आयसरमध्ये परम ब्रह्म आहे. अशा सामायिक यंत्रावर आपल्याला रूटचे अधिकार नसतात. तिथे स्पॅक कामी येतो. तो आपल्याच डिरेक्टरीत बसतो आणि पॅकेज सोर्सपासून बांधतो.

आता बघा, बांधताना कंपायलर, एमपीआय, प्रोसेसर हे सगळं पॅकेजमध्ये मुरतं. नव्या प्रोसेसरसाठी बांधलेलं जुन्या नोडवर नेलं, तर रांगेत ताटकळून मिळालेला जॉब ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणत पहिल्याच मिनिटाला मरू शकतो.

मग आपण ‘स्पॅक इन्स्टॉल’ पुन्हा देतो आणि काहीच होत नाही! पॅकेज आहेच, असं सांगून तो मोकळा होतो. ‘ओव्हरराइट’ दिलं तर बांधतो खरा, पण तेच, त्याच हॅशचं, त्याच जागी. फाइल चुकून उडाली असेल, तर हे ठीक. बांधणी फसली तरी जुनी प्रत परत ठेवली जाते. प्रोसेसर बदलला असेल, तर मात्र ‘टार्गेट’ स्पष्ट लिहायचं. मग हॅश वेगळा, डिरेक्टरी वेगळी, जुनं शाबूत.

आणि ओव्हरराइटच्या आधी ‘स्पॅक डिपेंडंट्स’ला ‘इन्स्टॉल्ड’ जोडून यादी काढायचीच. ती डिरेक्टरी लॅबमध्ये सगळ्यांची असेल, तर त्याच लायब्ररीवर शेजारच्या टेबलावरच्या कुणाचा तरी चार दिवसांचा जॉब चालू असू शकतो.